चिपाडाच्या फळीपलीकडे

सिएन्फुएगोस, १२ जानेवारी १९९७

एवेलिओ,

वस्ताद बाल्दोमेरो परवा ओरानहून रजेवर आले आणि तुझं पत्र हातात देऊन गेले. आफ्रिकेतही थंडी असते, तू बॉक्सिंग शिकवतोस ती पोरं चपळ आहेत पण हनुवटी उघडी ठेवतात, जेवणात मेंढीचं मांस फार असतं, हे सगळं कळलं. तुझं खरं काम मात्र शेवटच्या चार ओळींत आलं. रिंगमध्येही तू असाच होतास. दोन फेऱ्या नुसतं नाचायचं आणि शेवटच्या मिनिटाला पोटात मारायचं.

दामारिसचं नाव या पत्त्यावर चढवायला तुला माझी सही हवी आहे. घटस्फोटानंतर घर दोघांच्या नावावर राहिलं, त्यामुळे एकट्याच्या सहीने नोंद होत नाही, हे मलाही माहीत आहे. तिची नोंद अजून डोंगरात, आईच्या गावी आहे. गरोदर बाईचं दूध, मांस, डॉक्टरच्या फेऱ्या, सगळं नोंद असेल तिथेच मिळतं. म्हणजे मी सही केली नाही तर तिला आठव्या महिन्याच्या आत कुमानायाग्वाला परत जावं लागेल आणि बाळंतपणही तिथेच होईल.

तिला पाचवा महिना लागलाय हे तू मला कळवायची गरज नव्हती. आपल्यातली फळी चिपाडाच्या लगद्याची आहे. घटस्फोटानंतर घराचे दोन भाग करायला तूच ठोकलीस ती. पलीकडे कुणी कूस बदलली तरी इकडे कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही.

सही करणं मला शक्य नाही. घर चव्वेचाळीस चौरस मीटर आहे. चूल एक, संडास एक, पाणी दिवसाआड. आधीच स्वयंपाकघरात दोघींनी एका वेळी उभं राहायचं म्हणजे एकीने पोट आत घ्यावं लागतं, आणि आता तिला ते जमणार नाही. ही कारणं खरी आहेत. लिहिण्याआधी मी ती तीनदा तपासून पाहिली.

तब्येतीला जप.

नेरेइदा


३ फेब्रुवारी

एवेलिओ,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. वस्तादांनी दोन पत्रं दिली होती. दामारिस तेव्हा बॉक्सिंगच्या हॉलवर होती, जिल्हा स्पर्धेत पोरांची वजनं घेत, म्हणून तिचंही माझ्याकडेच ठेवून गेले. "बाई, तुम्ही काय नि ती काय, घर एकच," असं म्हणाले. ते सरळ मनाने म्हणाले की टोमणा मारला हे मला वस्तादांच्या बाबतीत कधीच कळलेलं नाही.

ते पत्र मी तेवीस दिवस माझ्याकडे ठेवलं. पाकीट उघडलं. रोजनिशीत मी त्या तारखेला लिहिलंय, "पाकिटाचा डिंक सुटलेला होता." तो सुटलेला नव्हता. मी ते वाफेवर धरलं होतं, आणि त्यासाठी त्या दिवसाचं रॉकेलही वापरलं.

तू तिला काय लिहिलंस याचं मला दुःख झालं असतं तर मी ते गिळलं असतं. पण मध्येच एक वाक्य आलं: "तुझ्यापासून दूर असलो की मला माझ्या हातांचं काय करावं ते कळत नाही." एवेलिओ, हे वाक्य माझं आहे. एकोणीसशे ऐंशी साली, तू रात्रशाळेत बारावी पुरी करत होतास आणि मी तुम्हा बॉक्सर पोरांना भाषा शिकवत होते. निबंधाच्या वहीत तू मला पहिलं प्रेमपत्र लिहिलंस. तुझं वाक्य असं होतं: "बाई, तुम्ही नसल्या की माझे हात मोकळे राहतात." मी लाल पेन्सिलीने ते दुरुस्त केलं आणि वही परत दिली. तू चोवीस चुका केल्या होत्यास. त्या दुरुस्त करताना मी ते पत्र एकदाच वाचलं असं तुला पुढे सांगितलं, ते खोटं होतं.

आता सतरा वर्षांनी माझी दुरुस्ती तिच्या पाकिटात, आणि स्वल्पविरामसुद्धा बरोबर जागी.

पत्र काल तिला दिलं. उघडलेलं आहे हे तिने पाहिलं. म्हणाली, "सेन्सॉरवाल्यांनी फोडलेलं दिसतंय, बाई." मग थोडं थांबून, "त्यांना काही चुका सापडल्या का?"

ती मला 'बाई' म्हणते हे तुला माहीत आहे. तुझ्याकडून उचललंय.

नेरेइदा


२३ मार्च

एवेलिओ,

तुझं उत्तर मिळालं. तू रागावला नाहीस, यानेच मला जास्त लागलं. तू लिहितोस, "तू न्यायाने वागशील हे मला माहीत आहे." बक्षीस वाटपाच्या भाषणात म्हणतात तसं.

न्यायाचंच बोलायचं तर मला काही गोष्टी ओळीने मांडू दे.

तुझ्या दोनशे चौदा लढती झाल्या. त्यातल्या एकशे नव्वद जिंकल्यास. हा आकडा तुला तोंडपाठ नाही, मला आहे. साडेत्रेसष्ट किलोच्या गटात चार वर्षं देशात तुझ्यापुढे कुणी नव्हतं. चौऱ्याऐंशीला आपण लॉस एंजेलिसला जाणार होतो. म्हणजे तू जाणार होतास, पण मी 'आपण' म्हणायचे. त्या वर्षी फेब्रुवारीत वस्तादांनी मला व्यायामशाळेच्या दारात गाठलं. चाळीस दिवसांचं शिबिर चालू होतं, बायकांना फक्त रविवारी प्रवेश, तोही टेबलाच्या पलीकडे. म्हणाले, "बाई, मूल ऑलिंपिकनंतर. बाप झालेला बॉक्सर मागे सरकून ठोसा मारतो." मी हसले. अठ्ठावीस वर्षांची होते, सहा महिने म्हणजे काय? मे महिन्यात रेडिओवर सांगितलं की आपला देश जाणार नाही. तू त्या दिवशी धावायला गेलास आणि संध्याकाळपर्यंत परत आला नाहीस. मी रताळी उकडून बसले होते.

मग अठ्ठ्याऐंशी. सेऊल. पुन्हा तेच शिबिर, तोच रविवार, तेच टेबल. वस्तादांनी या खेपेस तोंडाने म्हटलं नाही, बोटाने कॅलेंडर दाखवलं. मी बत्तीसची. पुन्हा गेलो नाही. मधल्या काळात कॅरिबियन स्पर्धेतलं ब्राँझ मिळालं आणि त्याबद्दल हे घर. तू चावी माझ्या हातात ठेवलीस तेव्हा मी विचारलं होतं, इथे पाळणा कुठे बसेल? तू खिडकीजवळची जागा दाखवलीस. फळी बरोब्बर त्या जागेवरून गेली आहे.

ब्याण्णवला एकदाचे आपले लोक गेले, पण तुझ्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा होता आणि तू त्याच्या सरावासाठी मार खायला ठेवलेला. त्यानंतर आपण प्रयत्न केला. माझं वय छत्तीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झालाय असं नाही पण आधी यायला हवं होतं. याहून सभ्य भाषेत कुणी कुणाला दोष देऊ शकत नाही.

मी प्रामाणिक असले पाहिजे. तुझ्या वस्तादांनी मला बांधून ठेवलं नव्हतं. मला वाट पाहणं आवडायचं. रविवारी टेबलापलीकडे बसलेला, भुकेला, गालफडं बसलेला तू पूर्ण माझा वाटायचास. घरी आलेला तू इतका माझा कधीच नव्हतास. ही गोष्ट मी रोजनिशीतसुद्धा आज पहिल्यांदा लिहिली.

आता परवाचं सांगते. दोरीवर कपडे वाळत होते. लहान चौकोनी तुकडे, कडा शिवलेले, कापड ओळखीचं. तुझ्या हाताला गुंडाळायच्या पट्ट्या. अकरा वर्षं मी त्या धुतल्या, दगडावर नाही तर हाताने, त्यांचा ताण जाऊ नये म्हणून, आणि रोज गुंडाळी करून ठेवल्या. दामारिसने त्या कापून, एकाला एक जोडून बाळाचे लंगोट शिवलेत.

मी स्वयंपाकघरात तिला विचारलं, हे कुणाला विचारून कापलंस? ती कैरीला मीठ लावून खात उभी होती. म्हणाली, पेटीत पडल्या होत्या, कापड दुकानात मिळत नाही, आणि एवेलिओनेच सांगितलं पेटीतलं हवं ते घे. हे सगळं खरं होतं. मग मी जे बोलले ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण ती लिहिणार नाही.

मी म्हटलं, "तुझ्या गावाकडे फडकी मिळत नाहीत का? तिकडेच जा ना शिवायला."

तिने कैरी खाली ठेवली. "बाई, तुम्ही मला एवेलिओमुळे हाकलताय की याच्यामुळे?" आणि तिने पोटावर हात ठेवला.

खालच्या मजल्यावर ओर्तेन्सिया जिन्यात उभी राहून ऐकत होती. मोहल्ला समितीची अध्यक्ष आहे, तिला ऐकायचा अधिकारच आहे असं ती धरून चालते. संध्याकाळी पावाच्या रांगेत मला म्हणाली, "काय गं, एका कोंबड्यासाठी दोन खुराड्यांत भांडण, आणि कोंबडा बसलाय आफ्रिकेत." सगळी रांग हसली. मीही हसले. पाव घेतला आणि घरी येऊन दार लावलं.

नेरेइदा


१८ एप्रिल

एवेलिओ,

सही केली.

तू लगेच मला दुवा देशील, म्हणून घाईने कारण सांगते. कारण चांगलं नाही.

दामारिसने गेल्या सोमवारी सामान बांधलं. आठवा महिना लागायला आठवडा होता. डोंगराकडे जाणारा ट्रक मंगळवारी सकाळी सुटतो. ती भांडली नाही, रडली नाही. तुझा निळा स्वेटर घडी करून माझ्या बाजूच्या खुर्चीवर ठेवून गेली, आणि म्हणाली, "हा इथलाच आहे." मग ती पलीकडे जाऊन झोपली, आणि फळीतून काहीच ऐकू येईना.

मी त्या शांततेत बसून हिशेब मांडला. ती गेली की मूल तिकडे होईल. सप्टेंबरात तुझं कराराचं वर्ष संपेल आणि तू विमानतळावरून सरळ कुमानायाग्वाला जाशील. बापच तू, जाणारच. मग तिथे तिची आई, तिचे भाऊ, कोंबड्या, कॉफीची झाडं, आणि तू मुलाला पहिला ठोसा शिकवत अंगणात. इकडची खोली रिकामी. मी जिंकलेली असेन. पंच माझा हात वर करील आणि हॉलमध्ये कुणी नसेल.

आणि ती इथे राहिली तर? तर तू इथे येशील. फळीपलीकडे, पण येशील. तुझी खोकायची लकब, सकाळी गुडघे मोडतानाचा आवाज, दाढी करताना तू चुकीच्या सुरात जे गुणगुणतोस ते. आणि सोबत त्या मुलाचं रडणंही. एवढी किंमत देऊन मला तू एका फळीच्या अंतरावर हवा आहेस. हे मला आवडलं नाही. पण खोटं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती बॅग घेऊन जिना उतरत होती, मी मागून हाक मारली आणि सांगितलं की ट्रकच्या थांब्याकडे नाही, नोंदणीच्या कचेरीत जायचं आहे. ती पायरीवरच बसली. तिला वाटलं मी आणखी काहीतरी कागद काढला.

कचेरीत दीड तास उभं राहिलो. कारकुनीणबाईने तुझं नाव वाचलं, मग माझं, मग तिचं, मग तिच्या पोटाकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "तुम्ही पहिल्या? आणि ही तुमच्या संमतीने?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "चोवीस वर्षं या खुर्चीत आहे. असं पहिल्यांदा बघते. सही स्पष्ट करा, नाहीतर वरचे लोक म्हणतील मीच केली."

बाहेर आल्यावर दामारिसने माझा हात धरायचा प्रयत्न केला. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

नेरेइदा


९ जून

एवेलिओ,

तार मिळाली असेलच. मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. दामारिसने वजन स्वतः काट्यावर बघितलं, नर्सवर तिचा विश्वास नव्हता. बॉक्सरांची वजनं घेणारी बाई. म्हणाली, "माशीच्या वजनगटात बसते, फ्लायवेट." नाव आलिना.

बाळंतपणाला तिची आई येईपर्यंत नऊ तास गेले. ते नऊ तास मी हॉस्पिटलच्या बाकावर होते. नर्सने बाहेर येऊन विचारलं, आजी कोण? तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी उठले. मुलीला मी पहिल्यांदा हातात घेतलं, दामारिसच्याही आधी, मिनिटभर. मग खरी आजी आली, हातात कोंबडी, आणि पोरगी माझ्याकडून घेऊन म्हणाली, "आण गं इकडे, तुला सवय नाही."

तुला वाटेल माझा हेवा आता संपला असेल. त्याने फक्त माणूस बदललं. आठवडाभर ती म्हातारी पलीकडे राहिली आणि पोरीला झोपवताना जे काही पुटपुटायची त्यातला शब्द न् शब्द मी फळीला कान लावून ऐकला. होय, कान लावून. जानेवारीत मी लिहिलं होतं की मुद्दाम ऐकत नाही, ते खोडून टाक.

मुलीचे कान तुझे आहेत, चपटे व्हायच्या आधीचे.

सप्टेंबरची वाट बघतो आहोत. या वेळी 'आपण' नाही, 'आम्ही'.

नेरेइदा


२१ सप्टेंबर

एवेलिओ,

वस्ताद आले. एकटे.

त्यांनी आणलेलं पत्र या वेळी एकच होतं, दोघींच्या नावाने. ओर्तेन्सियाने पाकिटावरची नावं वाचून "कागदाची बचत" म्हटलं. दामारिसने पोरीला पाजत पाजत मला ते मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. करार दोन वर्षांनी वाढवलास. संघ तयार होतोय, आता सोडणं बरोबर नाही, त्या पोरांना ऑलिंपिक दिसतंय. मूल मोठं झाल्यावर समजून घेईल. आणि मग माझ्यासाठी ती ओळ: "नेरेइदा, त्या दोघींना सांभाळ. वाट पाहणं तुझ्याइतकं कुणालाच जमत नाही."

ही ओळ मी मोठ्याने वाचली नाही. पण मी थांबले ते दामारिसच्या लक्षात आलं. तिने हात पुढे करून कागद घेतला आणि स्वतः वाचला. घडी करून मला परत दिला. मग म्हणाली, "बाई, मला हे जमणार नाही. तुम्हाला जमलं, तुम्ही शिकलेल्या आहात."

मी तिला सांगितलं की यात शिक्षणाचा काही संबंध नाही, मी मूर्ख होते. ती हसली. मला वाईट वाटलं नाही.

मग वस्तादांना कॉफी दिली. निम्मी भाजलेल्या चण्यांची होती, तरी प्यायले. त्यांना विचारलं, तुम्ही त्याला थांबवलं नाहीत? ते म्हणाले, "मी कशाला थांबवू? बाप झाला तरी पुढे जाऊनच मारतोय. माझं चुकलं म्हणायचं." आणि मुलीकडे बघायचं टाळून निघून गेले.

नेरेइदा


३० नोव्हेंबर

एवेलिओ,

तुझं घर राहिलं नाही. रागावू नकोस, कायद्याने केलंय. तू जाताना घराच्या कामांसाठी मला दिलेलं मुखत्यारपत्र तू विसरलास, मी विसरले नव्हते.

घराची अदलाबदल केली. एकाच्या बदल्यात दोन. रस्त्यातल्या लाकडी खांबांना अदलाबदलीच्या चिठ्ठ्या लावल्या, तीन महिन्यांचं काम पाच आठवड्यांत झालं, कारण ओर्तेन्सियाने मनावर घेतलं. आमच्या जिन्यात ऐकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून ती कंटाळली असावी. दामारिस आणि आलिनाला पास्तोरिता वस्तीजवळ एक खोली-स्वयंपाकघर मिळालं, तळमजला, अंगणात पेरूचं झाड. मला शाळेमागे एक खोली. उन्हं येतात. शेजारी कुणाचंच काही ऐकू येत नाही, भिंत विटांची आहे.

हे मी सुचवलं. का, ते विचारशील. सही केली तेव्हा मला तू फळीपलीकडे हवा होतास. तुझी ती ओळ वाचल्यावर मला पुढची दोन वर्षं दिसली: दोघी बायका एका चुलीपाशी, एकमेकींच्या चेहऱ्यावर तुझं पत्र आलं का ते शोधणाऱ्या. मग तू येशील आणि कुठल्या दाराने आत शिरतोस ते आम्ही मोजू. ते मला सहन झालं नसतं. आणि दामारिसला ते शिकवण्याइतकी मी वाईट नाही, असं मला वाटतं. पूर्ण खात्री नाही.

फळी काढायला माणूस आला तेव्हा ती हातात भुगा होऊन पडली.

काल रेशनच्या पुस्तकांसाठी पुन्हा त्याच कचेरीत गेलो. एका पुस्तकाची दोन करायची. कारकुनीणबाईने पहिल्या पुस्तकात दामारिस आणि आलिना लिहिलं, दुसऱ्यात मला. मग पेन थांबलं.

"आणि हा एवेलिओ?"

बाहेरगावी असलेल्या माणसाच्या नावावर काही मिळत नाही हे तुला माहीत आहे. तांदूळ नाही, साखर नाही, साबण नाही. नुसतं नाव कुठेतरी असावं लागतं. दामारिस मुलीला खांद्यावर थोपटत होती. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगाल तसं."

बोलायला तिचाच हक्क होता. मुलीचा बाप तू. मी पुष्कळ वाक्यं मनात तयार केली होती, सगळी न्यायाची. "तिच्याकडे लिहा" हे त्यातलं पहिलं होतं आणि मी ते म्हणणारच होते.

कारकुनीणबाई म्हणाली, "ठरवा लवकर, बायांनो, मागे रांग आहे. माणूस आहे, मांजर नाही."

मी म्हटलं, "माझ्याकडे."

दामारिसने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. परतताना तिने मला पेरू दिले, आणि मी ते घेतले, आणि त्यातला एकही गोड नव्हता.

आज सकाळी नव्या दुकानात पहिल्यांदा गेले. दुकानदाराने पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, घरात माणसं किती? मी सांगितलं, एक आहे, एक बाहेर आहे. त्याने एक पाव काढून दिला.

नेरेइदा